पंखांचं गांडूळ

सत्तरी उलटली, तोंडात कवळी आली, नात कॉलेजात गेली, तरी लोकांच्या लेखी तो धाकटाच राहिला. घरात एकदा कुणी थोरला होऊन बसला की दुसऱ्याची सुटका नसते. त्यात या दोघा भावांचा धंदाच असा, की थोरला पुढे आणि धाकटा मागे हे नुसतं नात्यापुरतं नव्हतं, लाकडातसुद्धा तसंच होतं.

बागेत मुलांना बसायला गोल फिरणारी चक्री असते ना, घोडे-हत्ती-हंसांची? ती लाकडी जनावरं करणारं हे घर. वडिलांनी पद्धत घालून दिली होती की जनावर दोन तुकड्यांत करायचं. तोंड, मान, छाती आणि पुढचे पाय थोरल्याकडे. कमरेमागचे गोल पुठ्ठे, मागचे पाय आणि शेपूट धाकट्याकडे. पोटाशी दोन्ही तुकड्यांना एकाच मापाचं पत्र्याचं कडं लावून बघायचं, आणि शेवटच्या दिवशी खुंट्या ठोकून, सरस भरून जोडायचं. वडील म्हणायचे, "पोर बसतं ते सांध्यावर. सांधा दिसला तर दोघांच्याही कानाखाली वाजवीन." सांधा कधी दिसला नाही आणि वडिलांनाही हात उचलावा लागला नाही, हे त्या काळाच्या मानाने फारच झालं.

थोरला पुढच्या खोलीत, उजेडात. धाकटा मागे पत्र्याच्या पडवीत. मध्ये स्वयंपाकघर, आणि त्यातून दिवसभर आरोळ्यांची ये-जा.

"धाकट्या, मान डावीकडे वळवलीय रे! शेपूट उजवीकडे घे!"

"घेतली! तुझ्या घोड्याच्या पोटात कळ आलीय का, एवढा वाकायला?"

वहिनी मध्येच ओट्यापाशी उभी. ती म्हणायची, "माझ्या डोक्यावरून रोज घोडे उडतात, कधीतरी खाली उतरवा."

आता जगाची रीत तुम्हाला माहीतच आहे. मुलं चक्रीकडे धावत यायची ती घोड्याचं तोंड बघून. आयाळीवरून हात फिरवायची, दात मोजायची. शेपटीचं कौतुक करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. गल्लीतल्या टवाळांनी थोरल्याचं नाव 'मुखडा' ठेवलं आणि धाकट्याचं 'शेपूट'. दुकानात गेला की कुणीतरी विचारायचंच, "काय शेपूट, मुखडा कुठे राहिला?" धाकटा हसायचा. चिडणाऱ्याला गल्ली जास्त चिडवते, एवढी अक्कल त्याला होती. पण रोज हसून हसून माणसाच्या आत कुठेतरी भुसा साठत जातो आणि मग एखादी ठिणगी पुरते.

ठिणगी आणली चक्रीवाल्याने. हा बागेचा मालक, पोट सुटलेला, डोकं कायम काहीतरी नवीन काढणारं. एक दिवस बगलेत चित्रांचं जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, "घोडे पुरे झाले. मला साऱ्या जगाचे ड्रॅगन आणि नाग हवेत."

"साऱ्या जगाचे?" थोरला म्हणाला. "जगाला एवढी जागा आहे का तुमच्या बागेत?"

"चक्री मोठी करतोय."

पुस्तक मधे ठेवून दोघं भाऊ पालथे पडले, आणि त्या काही महिन्यांत या घराने जी चैन केली ती पुन्हा कधी केली नाही. पूर्वेकडचा ड्रॅगन बघितला: पंख नाहीत, अंग सापासारखं लांबलचक, डोक्यावर हरणाची शिंगं, मिशा जमिनीला टेकलेल्या. हा म्हणे नदीत राहतो आणि पाऊस पाडतो. थोरला म्हणाला, "हा माझ्या सासऱ्यासारखा दिसतो. मिशा भारी, चावत नाही." पश्चिमेचा बघितला: सोन्याच्या ढिगावर बसलेला, नाकातून धूर, स्वतः खर्च करत नाही आणि दुसऱ्याला हात लावू देत नाही. "आणि हा चक्रीवाला," धाकटा म्हणाला. समुद्रापलीकडचा पिसांचा नाग बघितला, इतका नटलेला की लग्नाला निघालाय असं वाटावं. अनेक मुंडक्यांचा एक होता, ज्याचं एक तोडलं की दोन उगवतात. तो निघाला तेव्हा थोरला घामाघूम झाला आणि धाकटा एक शेपूट करून पडवीत घोरत पडला. पृथ्वी फण्यावर तोलून धरणारा शेष होताच, त्याची वेटोळी धाकट्याने अशी काढली की वहिनी म्हणाली, "याच्यावर मीच झोपते." आणि उत्तरेकडच्या समुद्रातला तो प्रचंड सर्प, साऱ्या पृथ्वीला विळखा घालून स्वतःचीच शेपटी तोंडात धरणारा. त्या जनावरात थोरल्याच्या दातांत धाकट्याची शेपटी बसवायची होती. दोघं दिवसभर एकाच खोलीत कानस घासत बसले आणि हसत होते.

मग आला दोन तोंडांचा. पुढेही डोकं, मागेही डोकं. अंगणात थोरला ओरडला, "धाकट्या, तुझं नशीब उघडलं रे!"

धाकट्याने आयुष्यातलं पहिलं डोकं केलं. आठवडाभर कुणाला पडवीत येऊ दिलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि धाकटी काही ऐकणारी बाई नव्हती. जोडायच्या दिवशी त्याने कापड काढलं. थोरला बघत राहिला, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छान आहे. फक्त शेपटीला डोळे फुटल्यासारखं दिसतंय."

सगळे हसले. चक्रीवाला हसला, वहिनी हसली, धाकटाही हसला. खरं सांगायचं तर तसंच दिसत होतं. पण भुसा तर भरपूर साठला होता.

शेवटचं राहिलं होतं ते सगळ्यात मोठं जनावर, बागेच्या फाटकासमोर येणारं. पंखांचा, दोन पायांचा ड्रॅगन. पुस्तकात त्याची दोन चित्रं होती आणि दोन्ही एकमेकांशी भांडत होती. एकात पुढे दोन पाय, आणि मागचं सगळं अंग सापाचं. दुसऱ्यात पंख हेच हात, आणि पाय मागे, पक्ष्यासारखे. पाय म्हणजे पंजे, नख्या, पोटऱ्यांवर खवले. साऱ्या जनावरातलं दिमाखाचं काम तेच.

"पाय मागे," धाकटा म्हणाला. "वटवाघूळ बघ. पंख असले की वेगळे हात कशाला?"

"पाय पुढे," थोरला म्हणाला. "मुलं समोरून येतात. पंजा समोर दिसला पाहिजे."

"समोर तोंड आहेच की तुझं! सगळं समोरच हवं का?"

"माझं तोंड?"

"तुझं म्हणजे जनावराचं."

असं चहा गार होईपर्यंत चाललं. वहिनी म्हणाली, "चार करा आणि मोकळे व्हा." दोघांनी एकदम तिच्याकडे बघितलं, जणू तिनेच घोटाळा केलाय. चक्रीवाल्याला दोनच हवे होते. आणि मग थोरला, जो मनाने वाईट नव्हता, फक्त तोंडाने पुढे होता, बोलून गेला, "शेपटीने शेपटीसारखं राहावं रे."

गल्ली हेच रोज म्हणत होती. पण गल्ली म्हणते ते वेगळं, आणि दादा म्हणतो ते वेगळं. धाकटा उठला, पडवीत गेला आणि मधलं दार ओढून घेतलं.

आरोळ्या बंद झाल्या. पत्र्याचं कडं तेवढं वहिनीच्या हातून इकडून तिकडे जायचं. ती पुढे जाऊन सांगायची, "भावोजी म्हणतात, माप बरोबर आहे." मागे येऊन सांगायची, "हे म्हणतात, बरं." अशा संसाराला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. दोन लाकूड कोरणारे, आणि त्यांच्या मधोमध लाकडासारखी गप्प भिंत.

धाकट्याने आधी ईर्षेने कोळशाने पायांच्या रेघा मारल्या. लाकूड तासायचा वाकस चालवून मांड्यांचे गोल फुगवटे काढले, आणि ते फुगवटे असे उतरले की तो स्वतःच जरा लांब उभा राहून बघत राहिला. पण चार दिवस गेले, आठ दिवस गेले, आणि पुढच्या खोलीतून कुणी ओरडेना की शेपूट उजवीकडे घे. अशा शांततेत माणसाला काम सुचत नाही. एका दुपारी तो उठला आणि त्याने ते दोन्ही फुगवटे तासून टाकले. पुठ्ठा गुळगुळीत केला, खाली सापासारखा निमुळता नेला, खवले पाडले.

धाकटी दारात उभी राहून बघत होती. "हे काय केलंत?"

"दादाचंच होऊ दे. पाय पुढे."

"मग जाऊन सांगा तसं."

"सांगायचं काय त्यात? जोडताना दिसेलच."

"तोंड झिजेल का?"

"तू तुझं काम बघ. आणि कुणाला बोलू नकोस."

माघार दोनदा घ्यावी लागते. एकदा करून, एकदा सांगून. केलेली माघार कुणाला दिसत नाही आणि सांगितलेली सोसत नाही. धाकट्याने अर्धी घेतली आणि अर्धी जोडायच्या दिवसावर टाकली.

तो दिवस आला. चक्रीवाला, त्याची लहान मुलगी, गल्लीतले चार रिकामटेकडे, सगळे अंगणात. पुढचा तुकडा आला, मागचा तुकडा आला, खुंट्या बसल्या, सरस ओघळला तो पुसला. सांधा अजिबात दिसत नव्हता. आणि पाय तर कुठेच नव्हते.

पुढे नव्हते, मागे नव्हते. मोठे पंख, देखणं तोंड, आणि खाली सरळ गुळगुळीत अंग.

चक्रीवाल्याने एक प्रदक्षिणा घातली. खाली वाकून पोटाखाली बघितलं, जणू पाय तिथे दडवलेत. "अहो, हे तर पंखांचं गांडूळ झालं!"

अंगणात असा हशा उठला की झाडावरचे कावळे उडाले. धाकट्याने थोरल्याकडे बघितलं. थोरल्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"हे मुद्दाम केलंस," थोरला म्हणाला.

"मी? मी मुद्दाम? मुद्दाम तू केलंस!"

"मी काय केलं ते मला माहीत आहे."

"आणि मला माझं माहीत आहे!"

धाकट्याच्या डोक्यात एकच गोष्ट ठाम बसली. मी पाय तासले हे दादाला वहिनीकडून कळलं असणार, आणि माझी शेपटी बिनपायाची उघडी पडावी, लोकांनी हसावं, म्हणून दादाने स्वतःचे पायसुद्धा केले नाहीत. एवढा राग! एक वाक्य बोलला असता, की दादा, मी तुझ्यासाठी तासून टाकले रे, तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. पण हसणाऱ्या माणसांपुढे हे कोण बोलतो? शेपूट नमलं, असं गल्लीने वर्षभर पुरवून खाल्लं असतं. तो गप्प राहिला, आणि गप्प राहण्याला सोबत म्हणून घरही सोडलं. महिन्याच्या आत धाकटीला घेऊन तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला.

तिकडे फायबरचे घोडे करण्याचा कारखाना होता. साच्यात रसायन ओतायचं, सुकलं की अख्खा घोडा बाहेर, तोंड-शेपटीसकट. सांधाच नाही, त्यामुळे भांडणही नाही. धाकट्याने तिथे उरलेली सगळी नोकरी काढली. काम सोपं होतं, पोट भरत होतं, पण सुट्टीच्या दिवशी तो काय करायचा माहीत आहे? लाकडाचा ओंडका आणून शेपट्या कोरायचा. नुसत्या शेपट्या. धाकटी म्हणायची, "घरात केरसुणी ठेवायला जागा नाही, आणि यांच्या शेपट्या!" मुलीच्या मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा काय करतात? ती म्हणायची, "अर्धे घोडे."

भाऊ रस्त्यात दिसले तर एकजण दुकानाच्या पाट्या वाचू लागायचा. थोरल्याच्या मुलीच्या लग्नाला धाकटा गेला, शेवटच्या रांगेत बसला, जेवण झाल्यावर निघाला. तिकडून थोरल्याने वहिनीबरोबर निरोप पाठवला, "जेवला ना तो?" वहिनी निरोप घेऊन पोचली तोवर धाकटा निघून गेला होता. असे अर्धेअर्धे निरोप दोन्ही बाजूंनी निघत राहिले, आणि वाटेतच विरत राहिले. सांधायला कुणी बसलं नाही. सगळ्यांना वाटायचं, भाऊच ते, आज ना उद्या बोलतील. भावांनाही तेच वाटायचं.

थोरला गेला तेव्हा धाकटा पोचला. सगळ्यांच्या मागे उभा राहिला, सवयीने. कुणी म्हणालं, "पुढे या ना, तुम्ही भाऊ." तो पुढे झाला नाही.

त्यानंतर वर्षभराने चक्रीवाल्याची ती मुलगी, आता तीच बाईमाणूस आणि बागेची मालकीण, त्याच्या दारात आली. "काका, चक्रीची जनावरं नव्याने रंगवायची आहेत. जुनं लाकूड ओळखणारे तुम्हीच उरलात. आणि गांडुळाला पाय लावता आले तर बघा."

"मुलांना नको असेल तर काढून टाक ते."

"नको? अहो, त्याच्यासाठी भांडतात पोरं! बुटकं आहे ना, कुणाच्या मदतीशिवाय चढता येतं. पण हल्ली येणारी मुलं विचारतात, याचे पाय कुणी खाल्ले?"

धाकटा गेला. पहिल्यांदाच तो पुढच्या तुकड्याला हात लावत होता. वडील असते तर ओरडले असते. खांद्यावरचा रंग खरवडला. रंगाखाली भेगा बुजवायची लांबी निघाली, आणि लांबीखाली लाकडात चार गोल. प्रत्येक खांद्यावर दोन. भोकं होती, खुंट्यांनी बुजवलेली, खुंट्या कापून सपाट घासलेल्या, वर लांबी भरलेली. पाय बसवण्याची भोकं अशीच असतात. आणि ती नुसती पाडून ठेवलेली नव्हती. कडा दबलेल्या होत्या. पाय बसले होते. बसवून काढले होते.

त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला आणि तसाच, हाताला रंग लागलेला, वहिनीकडे गेला.

वहिनी आता वाकली होती, पण जीभ सरळ होती. "या भावोजी. वाट चुकलात का?"

"वहिनी, दादाने त्या ड्रॅगनचे पाय केले होते?"

"केले होते म्हणजे? असे केले होते की मी दृष्ट काढावी. नख्या बघून मांजर पळालं."

"मग?"

"मग काढले. मी म्हटलं, अहो, एवढे जीव ओतून केलेत. तर म्हणाले, राहू दे, धाकट्याला हवेत पाय. लहानपणापासून शेपट्याच करतोय बिचारा. मागे पाय असू देत, आपण आपल्या हाताने मागे सरू. आणि बंबात घातले दोन्ही, परत मोह नको म्हणून. मी म्हटलं, जाऊन सांगा त्याला. म्हणाले, सांगायचं काय त्यात, जोडताना दिसेलच."

धाकटा खुर्चीत बसला नाही, उंबऱ्यावरच बसला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" वहिनी म्हणाली. "मला वाटायचं, माहीत असून तुम्ही राग धरलात. हे म्हणायचे, मी पाय दिले आणि त्याने ते नाकारले, माझ्या तोंडावर मारले. मरेपर्यंत तेच होतं मनात. तुम्ही का नाही हो केलेत पाय?"

"केले होते. तासून टाकले."

"कशाला?"

"दादाचे पुढे असू देत म्हणून."

वहिनीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग तिला हसू आलं, आणि ते हसू लवकर थांबेना, आणि थांबलं तेव्हा ती पदराने डोळे पुसत होती. "दोघेही एकाच मुहूर्तावर शहाणे झालात होय रे! एकाने तरी हट्टी राहायचं होतं, मेल्यांनो. निदान त्या जनावराला पाय तरी आले असते."

आयुष्यात कधी तिने त्याला अरे-तुरे केलं नव्हतं. तेवढं एक बरं वाटलं त्याला, आणि बाकीचं काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो पाय करायला बसला. पुढचे पाय, दादाचे. मनाशी ठरवलं होतं की भोकं मोकळी करायची आणि जसे होते तसे परत बसवायचे. पहिला पाय झाला, खांद्याला धरून बघितला. गुडघा उलटा. मागच्या पायाचा गुडघा जसा मागे मुडपतो तसा. चूक कळली, दुसरं लाकूड घेतलं. आता गुडघा सरळ आला, पण पंजा असा टेकलेला की जनावर जमिनीला रेटा देऊन मागून ढकलतंय. पुढचा पाय ढकलत नाही, तो झेप घेतो. हे त्याला चांगलं ठाऊक होतं, जन्मभर दादाच्या हातचं बघितलं होतं. पण हाताला ठाऊक नव्हतं. हात साठ वर्षं मागचंच करत आला होता. तिसरा केला, चौथा केला. चौथा तर बघून तो स्वतःच हसला; घोड्याची लाथ झाली होती.

मालकीण येऊन बघून गेली. "काका, सुंदर आहेत की! लावून टाका."

"हे मागचे आहेत."

"मग मागे लावा."

मागे लावता आले असते. भोकं पाडायची, खुंट्या ठोकायच्या, तासाभराचं काम. याच पायांसाठी तर सगळं झालं होतं, आणि आता अडवणारंही कुणी नव्हतं. तो जनावराच्या मागे जाऊन उभा राहिला, गुळगुळीत पुठ्ठ्यावरून हात फिरवला, जिथे कधीकाळी दोन फुगवटे होते तिथे. मग गिरमिट पेटीत ठेवलं. पुढे आला, खांद्याच्या उघड्या पडलेल्या खुंट्यांवर नवी लांबी भरली आणि पुठ्ठ्यावर भरावी तशी नाही, तर चेहऱ्याला लावावी तशी हलक्या बोटाने सारखी केली.

"हे काय, पाय नाही लावत?" मालकिणीने विचारलं.

"नाही."

"मग मुलांनी विचारलं तर काय सांगू? कुणी खाल्ले?"

"सांग, दोघांनी मिळून खाल्ले," धाकटा म्हणाला, आणि रंगाचा डबा उघडायला लागला. झाकण घट्ट बसलं होतं. त्याने मान वर करून, कुणीतरी पलीकडच्या खोलीत असावं तशी हाक मारली, "जरा पटाशी दे रे," आणि मग स्वतःच उठून ती शोधायला गेला.